परभाषेशी सोयरीक

बडोद्यातील मराठी माणसाला बहुभाषकतेचे अप्रूप वाटू नये, अशीच त्याची दिनचर्या असते. सकाळी घरात मराठी, दारावरच्या भाजीवाल्याशी गुजराती, दवाखान्यात गुजराती व हिंदी आणि केसपेपरवर इंग्रजी असा चार भाषांचा फेरा आपण दिवसातून अनेकदा सहजपणे पुरा करतो. या भाषा आपण 'शिकलो' असे आपल्याला वाटत नाही. त्या आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. परंतु जिचा एक शब्दही बालपणी कानी पडलेला नाही, अशी परभाषा जाणीवपूर्वक शिकावयास बसणे हा अनुभव अगदी निराळा होय.

गेल्या काही वर्षांत या विषयाने आपल्या समाजात व व्यवसायात वेगळेच महत्त्व धारण केले आहे. नुकतीच पदवी घेतलेले कितीतरी तरुण डॉक्टर जर्मनीस जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांचे आईवडील परदेशात वाढणाऱ्या नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलावे या विवंचनेत आहेत. आणि माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या तरुण माता विचारतात, की दोनतीन भाषांच्या माऱ्यामुळे आमचे मूल उशिरा बोलू लागले आहे काय? प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे : मनुष्य परकी भाषा कशी आत्मसात करतो आणि त्यात वयाचा भाग किती असतो? या लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी मी जर्मन भाषा घेतली आहे. तिची गरज आज आपल्यातील अनेकांना आहे, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्वतः तिचा अभ्यास सुरू केल्यामुळे तिच्या खाचाखळग्यांशी माझा परिचय आहे.

आपल्या परंपरेतील परभाषा-विद्यार्थी

ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ ओळखले जाते, ते महाराज सयाजीराव १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून आलेल्या या मुलाची तोवर अक्षरओळखही झालेली नव्हती. पुढील काही वर्षांत इलियट यांच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास केला आणि १८८१ साली राज्याधिकार हाती घेतले. याच नगरीत १८९३ साली श्री अरविंद आले. बालपणापासून इंग्लंडमध्ये वाढल्यामुळे इंग्रजी, ग्रीक, लॅटिन व फ्रेंच त्यांना उत्तम येत असत, मात्र स्वतःची मातृभाषा जी बंगाली, तिचा खरा अभ्यास त्यांना येथे विशीनंतर करावा लागला. संस्कृत, मराठी व गुजरातीही ते येथेच शिकले. मातृभाषादेखील परभाषेसारखी शिकण्याची वेळ माणसावर येऊ शकते, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

आणखी मागे गेल्यास फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घ्यावे लागेल. हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली, तिशीच्या सुमारास, गोव्यास आले. मराठीचा एकही शब्द ठाऊक नसलेल्या या माणसाने येथे राहून मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. प्रौढ वयात परभाषा येत नाही असे म्हणणाऱ्याने या एका उदाहरणाकडे पाहावे. आणि आपल्या पु. ल. देशपांड्यांनी पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात मुक्काम केला, हे तर आपणां सर्वांस विदित आहेच.

तान्ह्या बाळाचे कान

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने या विषयाचा प्रारंभ जन्मापूर्वी होतो. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत बाळाला ऐकू येत असते. मातेचा आवाज व तिच्या भाषेची लय त्याच्या कानी पडत असते. त्यामुळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळ आपल्या आईच्या भाषेची लय वेगळी ओळखते.

१९८४ साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडात केलेला प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटेल, कारण त्यात आपल्या 'त' आणि 'ट' या उच्चारांचा उपयोग केलेला होता. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हिंदीतील दंत्य व मूर्धन्य उच्चारांतील भेद कळणे अतिशय जड जाते. तथापि, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र ही क्षमता बहुतांशी मावळलेली आढळली. याचा अर्थ असा, की मूल जगातील बहुतेक सर्व भाषांचे ध्वनी ओळखण्याची शक्ती घेऊन जन्मास येते आणि पहिला वाढदिवस होईतो घरातील भाषेस जे लागत नाही ते बाजूस सारते. या टाकून देण्याला दोष म्हणता येणार नाही, कारण मेंदू आपली शक्ती जेथे उपयोग आहे तेथे एकवटत असतो.

दुसरा प्रयोग पॅट्रिशिया कुल व त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००३ सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी बारा बैठकांत खेळविले, गोष्टी वाचून दाखविल्या. त्या बाळांनी चिनी ध्वनींतील भेद टिकवून धरला. तेच बोलणे, तितकाच वेळ, पडद्यावरून अथवा केवळ ध्वनिमुद्रणातून ऐकविलेल्या बाळांना मात्र त्याचा काहीही लाभ झाला नाही. बाळाच्या हाती मोबाईल देऊन 'इंग्रजी कानावर पडते आहे' असे समाधान मानणाऱ्या पालकांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो. बाळाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारे माणूस त्याला भाषा देते. नुसत्या आवाजाने ते काम होत नाही.

मराठी बंद करू का?

माझ्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार होणारा एक संवाद येथे देतो.

"डॉक्टरसाहेब, हा अडीच वर्षांचा झाला, तरी दोनचार शब्दांच्या पुढे जात नाही. बालवाडीत म्हणाले, घरात तीनतीन भाषा नकोत, फक्त इंग्रजी बोला. मराठी बंद करू का?"

"ताई, याला गोष्टी कोण सांगते?"

"आजी. रात्री तिच्याचजवळ झोपतो."

"कोणत्या भाषेत?"

"मराठीतच. आईंना इंग्रजी कुठे येते?"

"मग मराठी बंद केली तर आजींचे बोलणेच बंद होईल. बाळाला आज मिळते त्याहून कमी भाषा मिळेल. आपण आधी याचे कान तपासू."

या उत्तरामागील शास्त्र थोडक्यात असे : दोन अथवा तीन भाषा कानी पडल्याने मुलात वाचादोष उत्पन्न होतो, याला आधार नाही. अशा मुलाचे प्रत्येक भाषेतील शब्द निराळे मोजले तर थोडे भरतात, परंतु सर्व भाषांतील शब्दांची बेरीज केली तर ते एकभाषक मुलांच्या जवळपास असतात. 'मला पाणी आपो' असे अर्धे मराठी, अर्धे गुजराती वाक्य मूल बोलते तेव्हा त्याचा गोंधळ झालेला नसतो. हाती असलेल्या शब्दांनिशी ते आपले काम भागवीत असते.

मात्र 'दोन भाषा आहेत, म्हणून उशीर' असे म्हणून स्वस्थ बसणेही तितकेच घातक होय. बारा महिन्यांपर्यंत मूल बडबड करीत नसेल अथवा बोट दाखवीत नसेल, अठरा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळविलेली दोन शब्दांची वाक्ये नसतील, किंवा कोणत्याही वयात आलेली भाषा मागे जाऊ लागली असेल, तर श्रवणचाचणी व विकासतपासणी त्वरित झाली पाहिजे. वरील संवादातील मूल याच वर्गातील होते. अशा मुलाचे ऐकणे कमी असेल तर घरातली एक भाषा काढून टाकल्याने त्याला ऐकू येऊ लागणार नाही. उलट, निदानाचे मोलाचे महिने वाया जातील. सर्व व्यवसायबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, की भाषा कमी करण्याचा सल्ला देण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी.

प्रौढांची अडचण नेमकी कोठे?

१९६७ साली एरिक लेनेबर्ग यांनी असे प्रतिपादन केले, की भाषा सहजपणे शिकण्याचा काळ यौवनारंभाच्या सुमारास संपतो. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. २०१८ साली जोशुआ हार्टशोर्न व सहकाऱ्यांनी सुमारे ६,७०,००० लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन काढलेला निष्कर्ष अधिक आशादायक आहे. व्याकरण शिकण्याची क्षमता सुमारे सतराव्या वर्षापर्यंत टिकून असते व त्यानंतर उतरू लागते. अर्थात, जन्मभाषकाइतकी पूर्णता गाठावयाची तर प्रारंभ दहाबारा वर्षांच्या आत झालेला बरा, असेही त्यात आढळले.

प्रौढांची अडचण प्रामुख्याने तीन ठिकाणी येते. पहिली उच्चारांची. ज्या ध्वनींवर कानांनी पहिल्या वर्षीच पडदा टाकला, ते पुन्हा ऐकू येण्यासाठी कानांस शिक्षण द्यावे लागते. दुसरी स्मरणाची. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत अवघड, संकोचाची. वीस-पंचवीस वर्षे ज्याच्या शब्दाला दवाखान्यात मान आहे, त्याला परभाषेच्या वर्गात तीन वर्षांच्या मुलासारखी वाक्ये बोलावी लागतात. हा मानभंग गिळता आला, की अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

प्रौढांच्या बाजूनेही काही गोष्टी आहेत. त्यांना नियम सांगितला तर कळतो, तुलना करता येते आणि एका भाषेचे ज्ञान दुसरीकडे वापरता येते. येथेच मराठी माणसाजवळ असलेली एक मोठी पुंजी ध्यानात घेण्यासारखी आहे.

मराठी डोळ्यांनी जर्मन

जर्मन भाषेत पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. इंग्रजीभाषकांना याचा इतका जाच होतो, की मार्क ट्वेनने १८८० साली 'द ऑफुल जर्मन लँग्वेज' या निबंधात त्याची यथेच्छ टिंगल केली. हिंदीभाषकही गोंधळतो, कारण हिंदीत लिंगे दोनच. परंतु 'तो, ती, ते' म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला, आणि 'छोकरो, छोकरी, छोकरुं' ऐकत वाढलेल्या बडोदेकराला, यात नवे ते काय? आपले 'मूल' नपुंसकलिंगी, तसे जर्मनांचे 'किंट'ही नपुंसकलिंगी. त्यांची मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी का, याचे कारण असे, की 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपली पाखरू, वासरू, कोकरू व लेकरू ही मंडळी आठवावी, म्हणजे हा नियम परका वाटणार नाही. अर्थात प्रत्येक शब्दाचे लिंग जुळत नाही. आपला सूर्य पुल्लिंगी तर त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून लिंग शब्दाबरोबरच पाठ करावे लागते, त्याला इलाज नाही.

संख्यांत तर मौजच आहे. इंग्रजीत 'वीस-पाच' म्हणतात. जर्मन माणूस 'पाच आणि वीस' म्हणतो, अगदी आपल्या 'पंचवीस'सारखे. अडीच वाजले हे सांगण्यासाठी जर्मन म्हणतो 'हाल्ब ड्राय', म्हणजे 'अर्धा तीन'. इंग्रजीच्या सवयीने पुष्कळजण याचा अर्थ साडेतीन करतात आणि तासभर उशिरा पोहोचतात. मात्र आपला 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यावरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. 'दीड' हा 'द्व्यर्ध' यावरून, म्हणजे दुसरा अर्धा. आणि जर्मनमध्येही दीडला 'आंडरटहाल्प', म्हणजे दुसरा अर्धा, असेच म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी अर्धे मोजण्याची एकच रीत जपून ठेवली आहे, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा झालेला आनंद एखादे अवघड निदान अचूक ठरल्याच्या आनंदासारखा होता.

हे नाते योगायोगाचे नाही. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले व जर्मनसारख्या भाषाही त्याच कुळातील असाव्यात असे सुचविले. शरीराच्या अवयवांची नावे पाहिली तर डॉक्टरांना ते चटकन पटेल : दंत – त्सान, नासा – नाझे, नख – नागेल, जानु – क्नी, पाद – फूस, हृद् – हेर्त्स. दुहिता म्हणजे 'टोख्टर', आणि स्वसा म्हणजे 'श्वेस्टर'. परिचारिकेला जर्मनीतही 'श्वेस्टर' म्हणून हाक मारण्याची रीत आहे, जशी आपण 'सिस्टर' म्हणतो.

वाक्यरचनेतही आपल्याला एक सवलत आहे. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, पण गौण वाक्यात ते अगदी शेवटी जाते. 'वाइल इख क्रांक बिन' याचा शब्दशः अनुवाद 'कारण मी आजारी आहे' असा, जसाच्या तसा. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय आपल्याला आहेच. 'चाक', 'चमचा' यांतील 'च'चा उच्चार ज्याला येतो, त्याला जर्मनचा 'त्स'ही सोपा. आणि 'तू' व 'आपण' यांतील अंतर राखणाऱ्याला जर्मनचे 'डू' आणि 'झी' समजावून सांगावे लागत नाही.

खड्डेही आहेत. जर्मनमध्ये विभक्ती चारच, परंतु त्या नामापेक्षा नामाआधीच्या उपपदात अधिक दिसतात. एकच पुल्लिंगी 'डेर' स्थानपरत्वे 'डेन', 'डेम', 'डेस' होतो. काही क्रियापदांचे दोन तुकडे होतात व दुसरा तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. 'ह्योरेन' म्हणजे ऐकणे, परंतु शेवटी 'आउफ' लागले की अर्थ होतो थांबणे. दिसण्यात ओळखीचे शब्दही फसवितात. 'गिफ्ट' याचा जर्मन अर्थ 'विष' असा आहे! आपल्याकडे हिंदीतील 'शिक्षा' व 'चेष्टा' हे शब्द मराठीत येताच कसे अर्थ बदलतात, हे आपण जाणतोच.

वैद्याची भाषा आणि रुग्णाची भाषा

जर्मनीत वैद्यकीय परवाना मिळविण्यासाठी परदेशी डॉक्टरांस साधारणतः सामान्य जर्मनची बी-२ पातळी आणि त्यावर सी-१ पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. २०१४ साली तेथील राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी याविषयीची समान चौकट ठरविली. परीक्षा साठ मिनिटांची असते : वीस मिनिटे रुग्णाशी संवाद, वीस मिनिटे लेखी टिपण व वीस मिनिटे सहकारी डॉक्टरांशी चर्चा. तपशिलांत राज्याराज्यांचा फरक असतो.

या परीक्षेचे मर्म असे, की एकाच उमेदवाराने एकाच तासात दोन निराळ्या भाषा बोलावयाच्या असतात. सहकाऱ्याशी बोलताना लॅटिन वळणाचे 'अपेंडित्सिटिस', रुग्णाशी बोलताना 'ब्लिंटडार्म' म्हणजे आंधळ्या आतड्याची सूज. सहकाऱ्याशी 'डायबेटिस', आजीबाईंशी 'साखरेचा आजार'. रुग्णासमोर सतत लॅटिन शब्द फेकणारा उमेदवार, त्याचे व्याकरण कितीही शुद्ध असो, तेथे कमी पडतो.

यातून आपण येथे राहूनही शिकावे असे काही आहे. आपल्या दवाखान्यात पंचमहाल अथवा छोटाउदेपूरकडून एखादी आदिवासी माता तापलेले मूल घेऊन येते. तिच्या बोलीत झटक्याला, जुलाबाला, श्वास लागण्याला काय म्हणतात, हे ठाऊक असणाऱ्या डॉक्टरला तिची हकिकत पाच मिनिटांत कळते. इतरांना तपासण्या वाढवाव्या लागतात. परभाषा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर विमान येते, परंतु काही परभाषा एस.टी.च्या अंतरावर आहेत.

अभ्यासाची रीत

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी जो अंदाज देते, त्यानुसार कामापुरत्या प्रावीण्यासाठी फ्रेंच व स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५०, जर्मनला सुमारे ९०० आणि चिनी, जपानी, कोरियन व अरबीला सुमारे २२०० वर्गतास लागतात. हा हिशेब इंग्रजीभाषकांचा आहे. जपानीचीच गोष्ट घ्यावी. तिची वाक्यरचना 'मी – पाणी – पितो' अशी आपल्या क्रमाची आहे आणि शब्दयोगी अव्ययेही नामानंतर येतात. तेव्हा मराठी माणसाला रचना सोपी, मात्र २१३६ नित्योपयोगी चित्राक्षरे सर्वांना सारखीच अवघड. ९०० तासांचा अर्थ, रोज एक तास दिल्यास अडीच वर्षे. 'तीन महिन्यांत अस्खलित' अशा जाहिराती वाचताना हे गणित मनाशी असावे.

स्मरणासाठी १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग आजही मार्गदर्शक आहेत. पाठ केलेले सर्वाधिक विस्मरण पहिल्या काही तासांत व दिवसांत होते, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीहून फार उपयोगी पडते. याच तत्त्वावर १९७२ साली झेबास्टियान लाइटनर यांनी चिठ्ठ्यांच्या पेटीची युक्ती सुचविली. एका बाजूस परका शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, जेथे उजळणी अधिक दिवसांनी होते. विसरला तर पुन्हा पहिल्या कप्प्यात. आज हे काम मोबाईलवर होते, तत्त्व तेच. आपण बाळाला लसीची एकाच दिवशी तिप्पट मात्रा देत नाही, तर ठरावीक अंतराने देतो व पुढे बूस्टर देतो. शब्दांनाही बूस्टर लागतो, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

आणखी तीन सूचना. पहिली, सुटा शब्द पाठ न करता लहान वाक्य पाठ करावे. दुसरी, डोळ्यांआधी कानांना काम द्यावे आणि ऐकलेले मोठ्याने म्हणावे. तिसरी, पहिल्या महिन्यापासूनच कोणाशी तरी बोलावे. सर्व नियम आल्यावर बोलू असे ठरविणारा कधीच बोलत नाही.

मेंदूला काय मिळते?

स्वीडनमध्ये लष्करी दुभाष्यांच्या प्रशिक्षणार्थींवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या खडतर भाषाभ्यासानंतर त्यांच्या मेंदूतील हिपोकॅम्पसचे आकारमान व काही भाषाकेंद्रांच्या बाह्यकाची जाडी वाढलेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या, इतर विषयांचा कसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत तसे आढळले नाही. आपल्या हैदराबादेत सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकभाषकांच्या तुलनेत बहुभाषकांत आजाराचा प्रारंभ सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि सर्वच संशोधकांना असा लाभ आढळलेला नाही. म्हणून परभाषा हे स्मृतिभ्रंशावरील औषध म्हणून कोणी लिहून देऊ नये. परंतु जिचे दुष्परिणाम नाहीत अशी ही मात्रा घ्यावयास हरकतही नसावी.

सातासमुद्रापलीकडची नातवंडे

शेवटी ज्येष्ठांसाठी दोन शब्द. परदेशी वाढणारे नातवंड बालवाडीत जाऊ लागले, की वर्षभरात तेथील भाषा त्याच्या जिभेवर बसते आणि मराठी मागे पडू लागते. आजीआजोबा हळहळतात. त्यांना मला एक आशादायक गोष्ट सांगावयाची आहे. नुसत्या चित्रफितीने लहान मुले भाषा शिकत नाहीत, हे वर आलेच. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ ते ३० महिन्यांची मुले, पडद्यावरील माणूस प्रत्यक्ष त्यांना उत्तर देत असेल तर, नवी क्रियापदे शिकतात असे आढळले. म्हणजे व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का रे?' एवढे विचारून फोन मुलीच्या हाती देणे पुरेसे नाही. चेंडू दाखवावा, लपवावा, 'कुठे गेला?' म्हणून त्याच्या उत्तरासाठी थांबावे. रोज दहा मिनिटे, ठरलेल्या वेळी, आणि मराठीतच.

आणि त्याबरोबर त्याच्या भाषेतील पन्नास शब्द आपणही शिकावे. श्टुटगार्टजवळ राहणारी माझी चार वर्षांची नात माझ्या उच्चारावर मनसोक्त हसते, माझा शब्द दुरुस्त करते, आणि मग मोठ्या अधिकाराने विचारते, "आजोबा, मराठीत याला काय म्हणायचं?" शिकविण्याचा मान तिला दिला, म्हणून शिकण्याचा कमीपणा तिला वाटत नाही. भाषेची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली की ती टिकते.

सोयरीक जुळली म्हणून कोणी माहेर सोडीत नाही. उलट दुसऱ्या घरच्या रीतिभाती पाहिल्यावर आपल्या घरची रीत अधिक डोळसपणे दिसू लागते. 'अडीच' हा शब्द मी अर्धशतक वापरीत होतो. त्यात काय दडले आहे, ते जर्मनने मला दाखविले. आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांनी परवान्यासाठी, ज्येष्ठांनी नातवंडांसाठी आणि इतरांनी केवळ आनंदासाठी एक तरी परभाषा हाती घ्यावी, आणि घरातील लेकरांच्या कानावर मराठी पडत राहील याची तितकीच काळजी घ्यावी, एवढीच विनंती.